व्यवसाय कर आम्ही भरतो, कारागिराच्या हाती काय?

दरवर्षी व्यवसाय कराचे चलन भरण्याची वेळ आली की पेठेत एकच सूर ऐकू येतो. जीएसटी भरतो, आयकर भरतो, नगरपालिकेची पट्टी भरतो, मग हे अडीच हजार आणखी कशाचे? आम्हीही पुष्कळ वर्षे हाच सूर लावीत आलो. चलन भरायचे, पावती फाईलला लावायची आणि दोन दिवस सरकारच्या नावाने बोटे मोडायची. हा पैसा कुठे जातो, हे विचारण्याची तसदी आमच्यापैकी फारच थोड्यांनी घेतली.

एकदा एका जुन्या गुमास्त्याने आम्हांला सुनावले, "शेठ, हा कर तुमच्या गिऱ्हाईकाच्या मजुरीसाठी आहे. तो मजुरी घेतो आणि तुमच्याच दुकानात आणून देतो." त्या दिवसापासून आम्ही या प्रकरणाच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचक बंधूंपुढे ठेवतो. सातारा-सांगलीच्या व्यापाऱ्याला आणि कारागिराला ते ठाऊक असलेच पाहिजे, कारण ही गोष्ट आपल्याच मातीतून उगवलेली आहे.

कराचे मूळ आपल्याच जिल्ह्यात

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे. द्राक्ष-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना ते ठाऊक आहे. या गावाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. गांधीविचाराचे, साधे राहणारे गृहस्थ. त्यांचा प्रश्न सरळ होता. खेड्यातल्या माणसाला दोन हात आहेत आणि काम करण्याची इच्छा आहे, तर सरकारने त्याला धर्मादाय वाटण्यापेक्षा काम का देऊ नये? आणि ते काम असे का असू नये, की ज्यातून गावाला विहीर, ताल, बांध, पाझर तलाव मिळेल?

साठच्या दशकाच्या अखेरीस विसापूर भागात हा प्रयोग करून पाहण्यात आला. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. त्यांनी ही कल्पना उचलून धरली. इतक्यात १९७२चा दुष्काळ आला. त्या दुष्काळाची आठवण आमच्या वडिलांच्या पिढीला शेवटपर्यंत होती. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या भागांत पेरलेले उगवले नाही, विहिरी तळाला गेल्या. खडी फोडायला आणि माती उचलायला घरची सून, म्हातारी, सगळेच बाहेर पडले. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कामावर सुकडी मिळायची आणि मजुरीतून लाल मिलो विकत घ्यायचा. त्या कामांनी माणसे जगवली.

दुष्काळ सरला, पण पागे यांची कल्पना मागे पडली नाही. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. व्यापारी, नोकरदार, वकील, डॉक्टर अशा कमावत्या लोकांकडून हा कर घ्यायचा, त्यात राज्य सरकारने तेवढीच रक्कम आपल्या तिजोरीतून घालायची आणि तो निधी रोजगार हमीला द्यायचा, असे ठरले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. कामाची मागणी हा कायदेशीर हक्क मानणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. खेड्यातल्या प्रौढ माणसाने काम मागितले की पंधरा दिवसांत काम द्यायचे, देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. कामावर प्यायचे पाणी, सावली आणि लेकुरवाळ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर, हेही त्यात आले.

१९८८ साली घटनादुरुस्ती होऊन या कराची वरची मर्यादा वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० रुपये झाली. आपण भरतो ते अडीच हजार ते हेच.

पुढे २००५ साली केंद्राने सगळ्या देशासाठी असाच कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला, २००८मध्ये देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला आणि २००९मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव दिले गेले. कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस कामाची हमी त्यात होती. शंभर दिवसांपुढचा भार महाराष्ट्राने आपल्या जुन्या कायद्याखाली स्वतः उचलला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ झाले, पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० आणि राज्य ४० अशी ठरली. शेतीच्या ऐन हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. राज्याचा वाटा वाढला म्हणजे राज्याच्या तिजोरीवरचा भार वाढला. म्हणून व्यवसाय कराच्या पैशाचा हिशोब विचारणे आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

मजुरीचा रुपया दुकानापर्यंत कसा येतो

आमचा धंदा कापडाचा. दुष्काळी भागातल्या बाजारात कापडाची विक्री पावसावर आणि मजुरीवर चालते, हे आमच्या खातेवह्या सांगतात. मजुराच्या हाती पैसा आला की तो आधी किराणावाल्याची उधारी फेडतो. मग दवाखाना. मग पोरांची वह्या-पुस्तके आणि गणवेश. लुगडे, साडी, सदऱ्याचे कापड यांचा नंबर त्यानंतर. म्हणजे कापडवाल्याकडे गिऱ्हाईक वळले, की समजावे त्या गावात पोटाची सोय झाली आहे. कामे बंद पडलेल्या वर्षी आमच्याकडे ताके तसेच पडून राहतात आणि ठोक व्यापाऱ्याचा तगादा मात्र थांबत नाही.

२०२५-२६ साली महाराष्ट्रात या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. मोठी रक्कम नव्हे. पण एका गावात शंभर माणसे महिनाभर कामावर राहिली, महिन्यातले पंचवीस दिवस धरले, तर पावणेआठ लाखांच्या वर रुपये त्या गावात येतात. हा पैसा मुंबईच्या शेअर बाजारात जात नाही. तो बाजारच्या दिवशी भाजीवाल्या बागवानाकडे, बांगडीवाल्या मण्यारकडे, तांबोळ्याकडे, शिंप्याकडे आणि आमच्याकडे येतो. आपण भरलेले अडीच हजार अशा रीतीने फिरून परत येतात. ज्याला हे समजले तो व्यवसाय कराला शिवी देणार नाही, तो कामे वेळेवर सुरू झाली का हे तहसील कचेरीत जाऊन विचारील.

आपल्या भागाचा दुसरा धडा १९८२चा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत सातारा-सांगलीची माणसे किती होती ते आपल्या गावोगावच्या घरांना ठाऊक आहे. महिन्याच्या महिन्याला येणारी मनिऑर्डर थांबली आणि आमच्या पेठांना त्याची झळ लागली. कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात या परतलेल्या कामगारांनी आणि रोजगार हमीवरच्या मजुरांनी मिळून मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. त्यांचे म्हणणे होते की नुसती खडी फोडून दुष्काळ हटत नाही, पाणी अडवणारे काम द्या. याच धडपडीतून येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडी येथे बळीराजा धरण उभे राहिले. नदीतली थोडी वाळू विकून लोकांनी त्यासाठी पैसा उभा केला.

यातून शिकण्यासारखी गोष्ट अशी. काम देणे ही पहिली पायरी झाली. त्या कामातून पुढच्या वर्षीची रोजी उभी राहते का, हे पाहणे ही दुसरी. १९९०नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. आटपाडीच्या माळावर आज डाळिंबाच्या बागा आहेत. बाग आली की वर्षभर काम आले, पॅकिंग आले, गाडीभाडे आले. खड्डा खणून बुजवण्याच्या कामाने असे काही होत नाही.

मग उणे कुठे राहिले?

आता आपल्या घरची बाजू पाहू. ही हमी खेड्यासाठी आहे आणि अंगमेहनतीच्या बिनकसबी कामासाठी आहे. आपला समाज मात्र या दोन जिल्ह्यांत मोठ्या संख्येने मिरज, सांगली, कराड, सातारा, फलटण, विटा अशा शहरांत आणि बाजाराच्या गावांत राहतो. शेती थोड्यांकडे. बाकीच्यांच्या हाती कसब. पिंजारी, मोमीन, शिकलगार, अत्तार, मण्यार, शिंपीकाम करणारे, गवंडी, मेकॅनिक. सच्चर समितीने २००६ साली हेच सांगितले होते, की मुस्लिमांमध्ये पगारी नोकरी कमी आणि स्वतःच्या हाताचा छोटा धंदा जास्त. म्हणजे कारागिराचे काम गेले तर त्याला रोजगार हमीचा दरवाजा उघडा नाही. शहरात राहतो म्हणून नाही, आणि उघडा असता तरी वीस वर्षे सुई-धागा चालवलेल्या हातात कुदळ देऊन त्याचे कसब वाचत नाही.

विट्यातला आमच्या ओळखीचा एक खर्चीवाला मागवाला होता. चार साधे यंत्रमाग, घरातलीच माणसे कांड्या भरणारी. सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे, याची फक्त मजुरी. विजेचे बिल वाढले, मीटरमागची मजुरी तीच राहिली. दोन सणांच्या मधल्या मंदीत त्याने माग भंगाराच्या भावाने विकले. आज तो पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर बसतो. सरकारी कागदावर तो बेकार नाही, त्याला नोकरी आहे. पण त्याच्या घरातले तीस वर्षांचे कसब संपले आणि ते शिकवायला आता कोणी उरले नाही. रोजगार किती निर्माण झाला हे मोजताना, किती रोजगार मोडला हे कोणी मोजीत नाही, हे आमचे दुःख आहे.

त्याच्या मागांवर आमचेही काम होत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या मंदीत त्याने मीटरमागे थोडे पैसे वाढवून मागितले होते. आम्ही "बाजार सुधारू दे" म्हणालो. बाजार सुधारला तेव्हा तो विट्यात नव्हता.

कुऱ्हाडीचा दांडा

हदीसमधला एक प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी मदरशात ऐकला आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आले. घरात काय आहे, अशी विचारणा झाली. अंथरायची-पांघरायची एक जाड घोंगडी आणि पाणी प्यायचा एक वाडगा, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) ते मागवून घेतले, लोकांपुढे त्याची बोली लावली आणि दोन दिरहम मिळवले. एका दिरहमचे घरी धान्य न्यायला सांगितले आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणायला. मग स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ दहा दिरहम कमावून परत आले.

आम्ही व्यापारी नजरेने हा प्रसंग पाहतो तेव्हा त्यात रोजगाराचे सगळे धोरण दिसते. आधी घरच्या पोटाची सोय. मग हत्यार. मग विकायला बाजार. मग ठरलेल्या मुदतीने हिशोब. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दांडा बसवून देणारा हात. आजच्या योजनांत पैसा असतो, अर्ज असतो, फोटो असतो. दांडा बसवून देणारा माणूस नसतो.

मिरजेचे उदाहरण

असा दांडा एकदा आपल्याच भागात बसवला गेला होता. मिरजेचे शिकलगार तलवारी-भाले घडवणारे आणि धार लावणारे लोक. राजेरजवाड्यांची लढाई संपली, इंग्रजी अंमल आला, शस्त्रांची मागणी गेली. आजच्या भाषेत अख्खी बिरादरी बेकार होण्याची वेळ आली. तेव्हा मिरज संस्थानात गाणे-बजावणे नांदत होते, गवई येत होते आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारा कोणी जवळ नव्हता. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी हे काम हाती घेतले. तलवारीला लागलेला हात तारेला लागला आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून भोपळे येऊ लागले, तंबोरे आणि सतारी देशभर जाऊ लागल्या. त्या भोपळ्यामुळे तिकडच्या शेतकऱ्यालाही पीक मिळाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

एक गिऱ्हाईक, एक नवी गरज आणि ती ओळखणारा एक कारागीर, एवढ्यावर दीडशे वर्षांची रोजी उभी राहिली. मानांकनाच्या कागदावर आता घरी बसून चालणार नाही. त्या नावाने माल विकण्याचा हक्क कोणाला, नकली माल कसा ओळखायचा, नवी मुले पाटावर बसवायची तर शिकण्याच्या काळात त्यांना काय द्यायचे, हे प्रश्न पुढेच आहेत.

सरकारी दारात काय ठेवले आहे

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने पी. एम. विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ पारंपरिक धंदे त्यात आहेत. शिंपी, गवंडी, सुतार, लोहार, कुलूपवाले, हत्यारे-अवजारे बनवणारे, धोबी, न्हावी, झाडू-टोपल्या करणारे, मासेमारीची जाळी विणणारे इत्यादी. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे १ लाख व २ लाख असे दोन टप्प्यांत ५ टक्के दराने कर्ज, अशी तिची रचना ठेवली आहे. व्याजाचा प्रश्न आला की आपले पुष्कळ कारागीर सगळीच योजना सोडून देतात. पण प्रशिक्षणाचे पैसे आणि हत्यारांची मदत हे कर्ज नव्हे. ते घेऊन तिथेच थांबता येते. कर्ज घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही.

त्या यादीत काय नाही, तेही पाहा. मागवाला नाही. पिंजारी नाही. बांगडीवाला नाही. सतारमेकर नाही. यादी करताना आपल्या धंद्याचे नाव कोणी सांगितले नाही, म्हणून ते आले नाही. निवेदन द्यायचे ते या गोष्टीसाठी द्यायला हवे होते.

दुसरी अडचण भाषेची आणि कागदाची. आमचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले. हिशोब उत्तम, खत सुंदर, पण पहिल्यांदा मराठी अर्ज समोर आला तेव्हा 'विहित नमुना' म्हणजे काय हे आम्हांला दुसऱ्याला विचारावे लागले होते. त्या संकोचाने कित्येक कारागीर कचेरीच्या पायरीवरून परत फिरतात, किंवा एजंटाला पैसे देतात. आता अर्ज मोबाईलवर आले आणि संकोच दुप्पट झाला.

आम्ही करू शकतो अशा गोष्टी

सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. पेठेतल्या माणसाने काय करावे, याविषयी आमच्या काही सूचना आहेत.

पहिली. खेड्यात राहणाऱ्या आपल्या गरीब बांधवांनी रोजगार हमीची नोंदणी करून घ्यावी आणि काम लेखी मागावे, अर्जाची पोच घ्यावी. पोच नसेल तर पंधरा दिवसांची मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध होत नाही. ग्रामसभेत गावाची कामे ठरतात तेव्हा हजर राहावे. विहीर, बांध, लागवड अशी टिकणारी कामे मागावीत.

दुसरी. प्रत्येक शहराच्या जमातीने जुम्म्याच्या नमाजनंतर एक तास दोन शिकल्या-सवरल्या तरुणांना अर्ज भरून देण्यासाठी बसवावे. कॉलेजात जाणारी मुले-मुली हे काम आनंदाने करतील. एजंटाला जाणारा पैसा वाचेल.

तिसरी. जकातीच्या रकमेतला काही भाग हत्यारांसाठी राखावा. रमजानमध्ये आपण साड्या आणि धान्य वाटतो, ते चांगलेच आहे. पण ज्या विधवेला शिवणकाम येते तिला साडीऐवजी शिलाई मशीन दिले, तर पुढच्या वर्षी कदाचित ती घेणारी राहणार नाही. जकात कोणाला लागू होते हे आलिमांना विचारून ठरवावे. बाकीच्यांसाठी व्यापाऱ्यांनी कर्ज-ए-हसनाचा छोटा निधी उभारावा. आठ-दहा दुकानदारांनी आपल्या व्यवसाय कराएवढी रक्कम, म्हणजे अडीच-अडीच हजार, दरवर्षी बाजूला काढली तरी सुरुवात होते.

चौथी. प्रत्येक दुकानाने आणि कारखान्याने एक मुलगा शिकाऊ म्हणून घ्यावा आणि त्याला शिकण्याच्या काळातही काही द्यावे. साताऱ्याच्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजवले. शिकाऊ पोराला दोन वर्षे फुकट चहा आणायला लावायचे आणि याला काही येत नाही म्हणायचे, ही पद्धत आता बंद व्हावी.

पाचवी आणि सर्वांत अवघड. मजुरी वेळेवर द्यावी. घाम वाळण्याआधी मजुराचा पैसा त्याच्या हाती पडावा ही शिकवण आपण वाझमध्ये ऐकतो आणि सोमवारी दुकान उघडून शिंप्याला "ईदनंतर ये" म्हणतो. हिशोब करताना आम्हांला आमचीच वही उलटून पाहावी लागली. ठोकवाल्याचे पैसे तीस दिवसांत, कारण तो माल बंद करील. आणि काज-बटण करणाऱ्या बाईचे पैसे तीन महिन्यांनी, कारण ती काही करू शकत नाही. रोजगार हमीची मजुरी उशिरा मिळते म्हणून आपण सरकारला दोष देतो, तर आधी आपली वही साफ असावी.

विट्याच्या त्या मागवाल्याचा मुलगा मध्यंतरी दुकानी आला होता. बापाने शिकवलेले थोडे हातात आहे, पण माग नाही. कुठे लावून देता का, असे विचारत होता. पूर्वी आम्ही "बघतो" म्हणून चहा पाजून वाटेला लावले असते. या वेळी त्याला एका ओळखीच्या कारखान्यात उभे केले, पहिल्या तीन महिन्यांच्या पगारातला अर्धा भार आपल्याकडे घेतला आणि तो आमच्या वहीत धर्मादायात न लिहिता धंद्याच्या खर्चात लिहिला. जुन्या मजुरीची भरपाई यातून झाली असे आम्ही म्हणणार नाही. तो हिशोब अल्लाहकडे आहे.

पुढच्या वेळी व्यवसाय कराचे चलन भराल तेव्हा कुरकुर जरूर करा, पण त्याबरोबर एक कागद तहसील कचेरीलाही लिहा की आमच्या भागात या वर्षी किती कामे निघाली, किती मजुरांना किती दिवसांत मजुरी मिळाली. आणि तोच प्रश्न त्याच संध्याकाळी आपल्या गल्ल्यावर बसून स्वतःलाही विचारा. दोन्ही उत्तरे सरळ आली तर रोजीत बरकत येईल, इन्शाअल्लाह.